मदत दिली, कबुली नाही दिली

अमेरिकेने गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, परदेशी मदतीचं आपलं खातंच गुंडाळलं, तेव्हा आपल्याकडे दोन गट पडले. एक म्हणाला बरं झालं, दुसरा म्हणाला गरिबांचं काय. दिव्यांगांपुरतं बोलायचं तर आधी व्हिएतनामकडे बघा.

१९६१ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी तिथल्या जंगलांवर आणि शेतांवर सात कोटी लिटरहून जास्त तणनाशकं फवारली. त्यात मोठा वाटा 'एजंट ऑरेंज'चा, आणि त्यात डायॉक्सिन नावाचं विष. १९७५ ला युद्ध संपलं. न फुटलेले सुरुंग आणि मातीतलं विष मात्र तिथंच राहिलं.

मदत आली १९८९ ला. सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या पुढाकाराने युद्धात जायबंदी झालेल्यांसाठी निधी सुरू झाला आणि तो व्हिएतनामलाही मिळाला. तेव्हा त्याच देशावर अमेरिकेची व्यापारबंदी चालू होती बरं का, ती उठली १९९४ ला! कृत्रिम पाय मिळू लागले. पण पाय एकदा बसवून भागत नाही. मूल वाढतं, पाय आखूड पडतो, परत नवा लागतो. (आपल्या जयपूर फूटची शिबिरंही तिथं झाली आहेत.)

आता खरी मेख. १९९१ ला अमेरिकेने स्वतःच्या माजी सैनिकांसाठी कायदा केला. व्हिएतनाममध्ये नोकरी केली आणि यादीतला आजार झाला, की तो फवारणीमुळेच झाला असं सरकार धरून चालतं आणि भरपाई देतं. व्हिएतनामी पीडितांनी न्यूयॉर्कच्या कोर्टात रसायन कंपन्यांवर दावा लावला, तो २००५ ला फेटाळला गेला. २००९ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायलाच नकार दिला.

आणि तिथल्या दिव्यांगांना जी मदत गेली, तिच्या कागदांवर शब्द असायचे, 'कारण कोणतंही असो'. त्याचा फायदाही झाला. पोलिओवाल्याला, जन्मतः दिव्यांग असलेल्या पोराला कुणी दाखला मागितला नाही. पण जबाबदारीही कुणाची उरली नाही. माझ्या मते तो शब्दप्रयोग दयेपोटी नव्हता, वकिली होता.

२००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातलं ३२ वं कलम सांगतं की आंतरराष्ट्रीय सहकार्यात दिव्यांगांना सामावून घ्या. भारताने तो २००७ ला मान्य केला, व्हिएतनामने २०१५ ला. अमेरिकेने २००९ ला सही केली, पण २०१२ ला सिनेटमध्ये पाच मतं कमी पडली. म्हणजे घेणारा करारात बांधलेला, देणारा मोकळा.

त्या मोकळेपणाचा अर्थ २०२५ च्या जानेवारीत कळला. एका आदेशाने मदत थांबली. बिएन होआच्या विमानतळावर विषारी माती उपसायचं काम काही आठवडे बंद पडलं, मग परत सुरू झालं. व्हिएतनामच्या २०१० च्या कायद्याने तीव्र दिव्यांगांना लागू झालेला मासिक भत्ता मात्र चालूच राहिला. रक्कम किरकोळ आहे, पण ती हनोईच्या तिजोरीतून येते आणि न मिळाल्यास कुणाच्या दारात जायचं, हे घेणाऱ्याला माहीत आहे.