वडापावची गाडी आणि साखळीची दुकाने

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि किल्ले डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु ज्या पदार्थावर मुंबईतील लाखो माणसांची दुपार निघते, त्या वडापावलाही इतिहास आहे, आणि त्यात आपल्या उपनगराचाही वाटा आहे.

बटाटा आणि पाव पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले. बटाटेवडा मराठी घरांतून पूर्वीपासून होत असे. तो पावात घालून विकण्याची युक्ती १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी काढली, असे सांगतात. पाळीला धावणाऱ्या कामगाराला पानावर बसून जेवायला सवड कुठली? वडापाव चालता चालता खाता येई आणि खिशालाही परवडे. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हजारोंची नोकरी कायमची गेली. त्यांतल्या कित्येकांनी वडापावची गाडी लावून संसार सावरले. कढई, स्टोव्ह आणि घरच्या माणसांचे हात, एवढेच त्यांचे भांडवल!

१९९६ साली परदेशी बर्गरचे दुकान मुंबईत आले. एकच नाव, एकच चव आणि जागोजागी शाखा, ही तऱ्हा लोकांनी पाहिली. मग २००१ च्या ऑगस्टमध्ये, कांदिवलीच्या शेजारच्याच मालाड स्टेशनाबाहेर, धीरज गुप्ता यांनी ‘जम्बोकिंग’चे पहिले दुकान उघडले. वडा नेहमीपेक्षा मोठा, दुकान स्वच्छ, आणि किंमतही गाडीपेक्षा जास्त. २००४ साली कल्याणला ‘गोली वडापाव’ निघाला. या दुकानांत वडा प्रत्येक ठिकाणी वेगळा करीत नाहीत. तो कारखान्यात एकाच मापाने तयार होऊन येतो आणि दुकानात नुसता तळतात. त्यामुळे सगळीकडे चव सारखी राहते.

येथे आपण बायकांनी थोडे थांबून विचार करावा. गाडीवरच्या वड्यामागे घरातल्या बाईचा हात असे: बटाटे सोलणे, लसूण-मिरची वाटणे, चटणी कुटणे. कारखान्यात ते काम यंत्राकडे गेले. मग साखळीचे दुकान बाईच्या मुळावरच येते काय? मला तसे वाटत नाही.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांच्या ‘लिज्जत’ने १९६१ साली मालाडलाच शाखा काढून पाहिली, ती चालली नाही. तरी त्या खचल्या नाहीत; पुढे गावोगाव शाखा निघाल्या. पीठ एका ठिकाणी मळायचे, लाटायचे घरोघरी, आणि पापड तपासून मगच घ्यायचा. चव सारखी ठेवण्याची विद्या त्यांना तेव्हाच साधली होती. शिवाय तेथे लाटणारी प्रत्येक भगिनी मालकीणही असते. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’तून खानावळवाल्या बायकांना एकत्र करून त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली आणि सावकाराच्या पाशातून सोडविले.

तेव्हा साखळी वाईट नव्हे. तिची कडी कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न आहे. एकटीच्या हाताला चव असते. पण हिशेब, माप आणि एकी जोडली म्हणजे त्याच हाताला मालकी येते. मंडळाच्या वर्धापनदिनी एवढे ध्यानात ठेवले, तरी पुष्कळ झाले.