उतारावरचा धूर

मंडळी, एखाद्या शर्यतीला देखभालीच्या कामाचं नाव पडल्याचं कधी ऐकलंय का?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटी या डोंगराळ भागात फेअरफॅक्स नावाचं गाव आहे. तिथे 21 ऑक्टोबर 1976 रोजी काही हौशी तरुणांनी सायकलींची शर्यत लावली. उतार असा, की सुमारे दोन मैलांत 1300 फूट खाली! सायकली जुन्यापुराण्या, जाड टायरच्या. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये. पॅडल उलटं दाबलं की लागायचा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे. मग हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. या पुन्हा भरण्याला इंग्रजीत 'रीपॅक' म्हणतात. शर्यतीला तेच नाव पडलं आणि त्या रस्त्यालाही.

गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ ही त्या टोळक्यातली मंडळी. 1977 मध्ये ब्रीझने खास डोंगरासाठी सायकल बांधली. माउंटन बाइकचा जन्म सांगताना या सगळ्यांची नावं येतात. मला मात्र त्या धुराचं महत्त्व वाटतं. यंत्र आपलं दुखणं स्वतः सांगत होतं.

पुढे सुधारणा झाल्या. मोटारसायकलींच्या शर्यतींचा अनुभव असलेल्या पॉल टर्नरने स्टीव्ह सायमन्सबरोबर 1989 मध्ये रॉकशॉक्स कंपनी काढली आणि सायकलला हवा-तेलाचा, दबणारा फोर्क दिला. 1990 मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोच्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड तोच फोर्क लावून उताराची शर्यत जिंकला.

ब्रेकचं मूळ त्याहून जुनं. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत घोकला. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1663 मध्ये छापला गेला. 1921 च्या ड्युझेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना याच तत्त्वावरचे ब्रेक होते. कालांतराने ते सायकलवरही आले. आता दोन बोटांनी लिव्हर ओढली की पुरे.

पण यात एक गोम आहे. नळीत हवा शिरली तर ती दबते आणि लिव्हर पोकळ लागते. डॉट जातीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. लांब उतारावर ते तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि ऐन वळणावर ब्रेक दगा देतो. काही ब्रेकना मिनरल ऑइल लागतं. एकाच्या जागी दुसरं घातलं की आतले रबरी सील खराब होतात. फोर्कचंही तसंच. नळ्यांवरची धूळ पुसली नाही तर ती सीलमधून आत जाऊन घासत राहते. अनेक फोर्कांच्या खालच्या भागातलं तेल 50 तासांच्या वापरानंतर बदलायला सांगतात. यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. धूर येत नाही!

आमच्या घरातली दोन नातवंडं अशा सायकली पळवतात, म्हणून हा इतिहास मुद्दाम लिहिला. यंत्र सुधारलं म्हणून देखभाल संपत नाही. ती नजरेआड जाते, एवढंच. रीपॅकवाल्यांना धूर आठवण करून द्यायचा. बाळांनो, तुम्हाला ती वहीत तारीख लिहूनच ठेवावी लागेल. शर्यतीच्या आदल्या रात्री नव्हे, बरं का!