पडद्यावरचा शेजार: अ‍ॅनिमे महोत्सवाच्या निवडीची परीक्षा

१६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये स्टुडिओ जिब्लीचे दोन चित्रपट एकाच तिकिटावर प्रदर्शित झाले. एक हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ आणि दुसरा इसाओ ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. ही जोडी जमली ती पैशाच्या गरजेतून. टोटोरोच्या एकट्याच्या जोरावर भांडवल उभं राहत नव्हतं. शेवटी तोकुमा या प्रकाशनगृहाने एक चित्रपट उचलला, शिंचोशाने दुसरा, आणि दोन्ही मिळून एक खेळ ठरला. हेतू काहीही असो, अ‍ॅनिमेच्या इतिहासात निवड आणि क्रम यांचा एवढा मोठा प्रयोग दुसरा झालेला नाही. म्हणून महोत्सवाच्या निवडीचा विचार इथून सुरू करणं योग्य.

दोन्ही चित्रपटांत दोन भावंडं आहेत, आणि आई घरात नाही. टोटोरोच्या शेवटाकडे धाकटी मेई हरवते. गावातले लोक बांबू घालून तळं ढवळत असतात, कारण पाण्यात एका लहान मुलीची चप्पल सापडलेली असते. म्हातारी आजी ती चप्पल हातात धरून बसलेली. मोठी बहीण सात्सुकी धापा टाकत येते, चप्पल निरखून बघते आणि सांगते, ही मेईची नाही. टोटोरो आधी पाहणाऱ्याला हा प्रसंग क्षणभर धडकी भरवतो आणि ओसरतो. पण ज्याने तासाभरापूर्वी ‘फायरफ्लाइज’मधल्या चार वर्षांच्या सेत्सुकोला उपासमारीने मरताना पाहिलं आहे, त्याच्यासाठी ती चप्पल वेगळीच होते. चित्रपटातलं एकही चित्र बदललेलं नसतं. बदललेला असतो फक्त शेजार. उलट क्रमाने पाहिलं तर टोटोरोतलं हिरवंगार शिवार पुढच्या चित्रपटात उद्ध्वस्त झाल्यासारखं वाटतं. एकच जोडी, आणि क्रम फिरवला की दोन वेगळे अनुभव.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. महोत्सवाची निवड म्हणजे चांगल्या चित्रपटांची यादी नव्हे. ते एक विधान असतं, आणि विधान म्हणूनच ते तपासायला हवं. आपल्याकडे महोत्सवाहून परतलेला माणूस सांगतो की अमुक चित्रपट आवडला, तमुक फसला. ही चित्रपटांची समीक्षा झाली. निवडीची समीक्षा वेगळे प्रश्न विचारते. हा चित्रपट इथे का आला? याच्या आधी आणि नंतर काय ठेवलं? आणि सगळ्यात आधी: हा महोत्सव झाला नसता, तर यांतलं काय आपल्यापर्यंत पोचलंच नसतं?

हा शेवटचा प्रश्न मी पहिला निकष मानतो. सप्टेंबर २०२५मध्ये ‘डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ भारतातल्या मल्टिप्लेक्समध्ये थेट लागला आणि हाऊसफुल्ल चालला. अशा चित्रपटाला महोत्सवाची गरज नाही. गरज असलीच तर महोत्सवाला त्याची आहे, तिकीटविक्रीसाठी. त्यात गैर काही नाही. उद्‌घाटनाला गाजलेला नवा चित्रपट लावून त्या पैशावर बाकीचे खेळ चालवणं हा जगभरातला रिवाज आहे. मात्र कार्यक्रमपत्रिकेतले असे चित्रपट बाजूला काढून उरलेलं पाहावं. उरलेल्या भागात जीव असेल तर तो महोत्सव, नाहीतर ते आगाऊ प्रदर्शन. १९९७मध्ये मॉन्ट्रियलच्या फँटासिया महोत्सवाने सातोशी कोन या तेव्हा अनोळखी दिग्दर्शकाचा ‘परफेक्ट ब्लू’ दाखवला. जपानी प्रेक्षकांना तो १९९८मध्ये पाहायला मिळाला. म्हणजे घरच्या बाजाराआधी एका परक्या शहरातल्या निवडकर्त्यांनी तो ओळखला. निवडीचं धाडस म्हणतात ते हेच: नाव मोठं झाल्यावर मान देणं सगळ्यांनाच जमतं.

दुसरा निकष लांबीचा. हा वरवर तांत्रिक वाटतो, पण अ‍ॅनिमेच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. चित्रपटगृहाला दीड-दोन तासांचा माल लागतो, दूरचित्रवाणीला चोवीस मिनिटांचा भाग. या दोन साच्यांच्या मधली लांबी बेवारस राहते, आणि अ‍ॅनिमेतलं कितीतरी उत्तम काम नेमकं त्या मधल्या पट्ट्यात झालेलं आहे. माकोतो शिंकाईंचा २००२चा ‘व्हॉइसेस ऑफ अ डिस्टंट स्टार’ पंचवीस मिनिटांचा. तो त्यांनी जवळजवळ एकट्याने घरच्या संगणकावर केला. त्यांचाच ‘द गार्डन ऑफ वर्ड्स’ शेहेचाळीस मिनिटांचा. ममोरू ओशींचा ‘एंजल्स एग’ (१९८५) एकाहत्तर मिनिटांचा, आणि २०२४चा ‘लुक बॅक’ अठ्ठावन्न मिनिटांचा. शेवटच्या चित्रपटात दोन मुली कॉमिक काढतात, आणि बराच वेळ आपल्याला टेबलावर वाकलेली एक पाठ तेवढी दिसते. खिडकीबाहेरचे ऋतू बदलतात, पाठ तशीच. याला आणखी अर्धा तास जोडला असता तर त्या पाठीचं वजन गेलं असतं.

अशा चित्रपटांचं महोत्सव काय करतो, हे बारकाईने पाहावं. आळशी निवडकर्ता अठ्ठावन्न मिनिटांच्या चित्रपटाला पूर्ण लांबीच्या खेळाची वेळ देतो आणि उरलेला वेळ जाहिरातींनी भरतो. किंवा दोन मध्यम लांबीचे चित्रपट केवळ बेरीज नव्वद मिनिटं होते म्हणून एकत्र बांधतो. जाणता निवडकर्ता त्यांना जोडीदार शोधून देतो. ‘लुक बॅक’च्या आधी कोजी यामामुरांचा दहा मिनिटांचा ‘माउंट हेड’ (२००२) लावून पाहा. चेरीच्या बियादेखील टाकून न देणाऱ्या एका कंजूष माणसाच्या डोक्यावर झाड उगवतं आणि लोक तिथे फुलं बघायला, दारू प्यायला जमतात. एका डोक्यात उगवलेल्या गोष्टीवर साऱ्या जगाने येऊन बसावं, ही कल्पना मनात ठेवून चित्रकार मुलींची गोष्ट पाहिली तर तिच्यातलं एकटेपण आणि प्रसिद्धी यांचं नातं उघडं होतं. दोन्ही चित्रपट माहीत असलेल्यालासुद्धा या जोडीतून नवं काही मिळावं.

लघुपटांच्या विभागाबद्दल थोडक्यात. बहुतेक महोत्सवांत हा विभाग दुपारी अडीचला, रिकाम्या सभागृहात असतो. त्यावरूनच आयोजकांची नियत कळते. अ‍ॅनिमे म्हणजे स्टुडिओंचे दीर्घपट आणि मालिका एवढंच चित्र ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी १९६० साल आठवावं. योजी कुरी, र्‍योहेई यानागिहारा आणि हिरोशी मानाबे या तिघांनी तोक्योच्या सोगेत्सु कलाकेंद्रात स्वतःचे प्रयोगशील लघुपट दाखवायला सुरुवात केली. १९६४पासून त्याचाच विस्तार होऊन इतरांनाही जागा देणारा महोत्सव झाला, आणि ओसामू तेझुकांसारखा लोकप्रिय माणूस तिथे आपलं प्रायोगिक काम घेऊन आला. पुढे १९८५मध्ये हिरोशिमाचा पहिला आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन महोत्सव भरला, तेव्हा सर्वोच्च पुरस्कार तेझुकांच्याच ‘ब्रोकन डाउन फिल्म’ला मिळाला. जुनाट, ओरखडे पडलेल्या फिल्मचीच गंमत करणारा हा काही मिनिटांचा लघुपट. ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’चे जनकही तेझुकाच, हे कार्यक्रमपत्रिकेने प्रेक्षकाला दाखवून द्यायला हवं. प्रायोगिक लघुपट आणि लोकप्रिय मालिका यांच्यात भिंत उभी करणारी निवड इतिहासाशी प्रामाणिक नसते.

आता गतकाळाचा प्रश्न, आणि इथे मी जरा थांबणार आहे. सिंहावलोकनाचा विभाग हा महोत्सवाचा कणा असतो, कारण नव्या चित्रपटांची निवड बरीचशी बाजारात त्या वर्षी काय उपलब्ध आहे यावर ठरते. जुन्याची निवड मात्र पूर्णपणे निवडकर्त्याची असते. तिथे सबब चालत नाही. मियाझाकींचे तेच ते चार चित्रपट पुन्हा लावणं म्हणजे सिंहावलोकन नव्हे. ताकाहातांचा विचार करायचा तर १९६८च्या ‘होरुस’पासून २०१३च्या ‘प्रिन्सेस कागुया’पर्यंतचा पल्ला दिसायला हवा: घोटीव, भरीव रेषेपासून अर्धवट सोडलेल्या, कागद मोकळा ठेवणाऱ्या रेषेपर्यंत. तो प्रवास एका आठवड्यात सलग पाहता येतो तो फक्त महोत्सवात. निइगाताच्या आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन चित्रपट महोत्सवाने २०२३च्या पहिल्या वर्षी कात्सुहिरो ओतोमो आणि दुसऱ्या वर्षी ताकाहाता यांची सिंहावलोकनं ठेवली. दोन वर्षांची ही निवड शेजारी ठेवली की कळतं, ओतोमोंचा जोर शहर उद्ध्वस्त करण्यात, ताकाहातांचा भाताच्या शेतात पाऊल कसं पडतं ते पाहण्यात. म्हणजे महोत्सवाची एका वर्षाची निवडसुद्धा सुटी वाचू नये. मागच्या वर्षाच्या शेजारी ठेवून वाचावी.

गतकाळात अडचणीचे चित्रपटही असतात. मित्सुयो सेओंचा ‘मोमोतारो: दैवी सागरी योद्धे’ हा १९४५चा पूर्ण लांबीचा चित्रपट जपानी नौदलाच्या सांगण्यावरून केलेला प्रचारपट आहे. त्यातलं रेखाटन इतकं सुंदर आहे की नुसता डोळ्यांनी पाहणारा फसतो. गवतावर तरंगणारे डँडेलियनचे तुरे आणि आकाशातून उतरणारे छत्रीधारी सैनिक यांची एकमेकांत मिसळलेली चित्रं पाहून मन हरखतं, आणि हरखतं म्हणूनच ती चित्रं घातक आहेत. आक्रमणाला फुलाचं रूप दिलेलं आहे. २०१६मध्ये हा चित्रपट दुरुस्त करून कान महोत्सवाच्या अभिजात विभागात दाखवला गेला. तो दाखवावा का? माझ्या मते दाखवावाच, पण एकटा नव्हे. त्याच्या आधी पंधरा मिनिटं जाणकाराने बोलायला हवं, आणि त्याच दिवशी ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ असायला हवा. ज्या युद्धाचा उत्सव एकात आहे त्याच युद्धाचा हिशेब दुसऱ्यात आहे. कोणत्याही प्रस्तावनेशिवाय ‘दुर्मीळ कलाकृती’ एवढंच लेबल लावून हा चित्रपट लावणं मी निवडकर्त्याचा गंभीर दोष समजतो.

स्पर्धा आणि परीक्षक यांबद्दल मतभेद राहणारच. पण परीक्षकांचा निकाल हाही निवडीवरचा अभिप्राय असतो. निइगाताच्या पहिल्या वर्षी परीक्षक मंडळाचे अध्यक्ष ममोरू ओशी होते आणि सर्वोच्च पुरस्कार मिळाला पिएर फॉल्देस यांच्या ‘ब्लाइंड विलो, स्लीपिंग वुमन’ला. कथा हारुकी मुराकामींच्या, भूमी जपानची, दिग्दर्शक मात्र युरोपातला. जपानच्या भूमीवर भरलेल्या महोत्सवाने हा पुरस्कार देणं म्हणजे अ‍ॅनिमेला देशाची सीमा न मानणं. फ्रान्समधल्या आनसी महोत्सवाने उलट दिशेने हेच केलं होतं: १९९३मध्ये ‘पोर्को रोस्सो’ आणि १९९५मध्ये ‘पोम पोको’ यांना तिथला दीर्घपटांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेव्हा युरोपात या चित्रपटांना लहान मुलांचा खाऊ समजण्याची पद्धत होती.

क्रमाची बाब पुन्हा काढतो, कारण दिवसाची आखणी हे मैफलीसारखंच काम आहे. सकाळचा राग रात्री गाऊ नये असं म्हणतो, त्यामागे ऐकणाऱ्याच्या मनाची अवस्था असते. महोत्सवात लोक दिवसाला चार-चार चित्रपट पाहतात. तिसऱ्या खेळापर्यंत डोळे थकलेले असतात. त्या वेळी एकशे सदतीस मिनिटांचा ‘कागुया’ लावला तर त्यातल्या मोकळ्या कागदाचं सौंदर्य थकव्यात हरवतं. उलट ‘आकिरा’ (१९८८) थकलेल्या माणसालाही जागा करतो. गेइनोह यामाशिरोगुमीचे ढोल आणि मोटारसायकलच्या मागच्या दिव्याची हवेत रेंगाळणारी लाल रेघ रात्रीच्या खेळातच शोभते. यात सभागृहाचाही विचार येतो. ध्वनियंत्रणा सुमार असलेल्या छोट्या पडद्यावर ‘आकिरा’ लावणारा महोत्सव आपल्याच निवडीवर पाणी ओततो. उपशीर्षकांचंही तसंच. पडद्यावरच्या जपानी पाट्या, वर्तमानपत्राचे मथळे, फळ्यावरची अक्षरं यांचं भाषांतर नसेल तर प्रेक्षकाला निम्मीच गोष्ट कळते.

हे निकष हाताशी धरून एक दिवस आखून पाहतो, आणि तो मुंबई-पुण्यातल्या महोत्सवासाठी आखतो, कारण तिथे त्याला खरा आधार आहे. युगो साको, मुंबईचे राम मोहन आणि कोइची सासाकी यांनी मिळून केलेला ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ (१९९२) २४ जानेवारी २०२५ रोजी भारतात फोर-केमध्ये पुन्हा लागला. तो एकटा लावला तर श्रद्धेचा किंवा बालपणीच्या आठवणींचा खेळ होतो. त्याच्या आधी दोन चित्रपट हवेत. सकाळी फिल्म्स डिव्हिजनचा १९५७चा ‘द बनियन डिअर’: डिस्नेतून आलेल्या क्लेअर वीक्स यांनी मुंबईत शिकवलेल्या पहिल्या पिढीचं काम, ज्यात तरुण राम मोहनही होते, आणि कथा जातकातली. लगेच त्यानंतर तोएईचा १९५८चा ‘हाकुजादेन’, जपानचा पहिला रंगीत अ‍ॅनिमेशन दीर्घपट, कथा चीनमधली. शाळकरी मियाझाकींवर याने मोठा परिणाम केला. एक वर्षाच्या अंतराने मुंबई आणि तोक्यो या दोन्ही ठिकाणी माणसं आशियातली जुनी गोष्ट घेऊन हलतं चित्र शिकत होती. एका ठिकाणी त्यातून उद्योग उभा राहिला, दुसऱ्या ठिकाणी सरकारी लघुपटांचं खातं राहिलं. जेवणानंतर तासभर यावर चर्चा, आणि मग सवादोन तासांचा ‘रामायण’, मूळ इंग्रजी आवृत्तीत. त्यातली वानरसेना समुद्रावर सेतू बांधते तेव्हा, सकाळचं हरीण पाहिलेल्या प्रेक्षकाला, त्या गर्दीतली कोणती हालचाल कोणत्या शाळेत घडली असेल हे शोधत पाहता येईल.