कापायचे किती? : कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा हजार वर्षांचा प्रवास

कर्करोग हा नव्या जमान्याचा रोग आहे, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. रासायनिक खते आली, खाणेपिणे बदलले आणि हा रोग आला, असा एक समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. रोग जुना आहे आणि त्यावर चाकू चालवावा की नाही, चालवला तर किती कापावे, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना वैद्यकाने अनेक चुका केल्या, काही अतिशय शहाणपणाचे निर्णयही घेतले. त्या प्रवासाची ओळख आपल्या वाचकांना व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

स्पेनमधील कुर्तुबा शहराजवळ अबुल कासिम अल-जहरावी नावाचे हकीम राहत होते. १०१३ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. ‘अल-तसरीफ’ हा त्यांचा तीस भागांचा ग्रंथ असून त्यातला शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. कर्करोगाबद्दल ते जे लिहितात ते वाचून आजही आश्चर्य वाटते. गाठ लहान असेल, नुकतीच झालेली असेल आणि स्तन किंवा मांडी अशा जागी असेल, जिथून ती समूळ काढता येते, तर ती काढावी. पण ती जुनी आणि मोठी झाली असेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये. अशा रोग्याला आपण कधी बरे करू शकलो नाही आणि दुसऱ्या कोणी बरे केल्याचेही पाहिले नाही, अशी साफ कबुली ते देतात. बाराव्या शतकात हा भाग लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या शल्यविशारदांनी पुढे कित्येक पिढ्या तो अभ्यासला. ‘लवकर असेल तर काढा, उशीर झाला असेल तर छळू नका’ या सल्ल्याला पुढची आठशे वर्षे फारशी भर पडली नाही.

भर पडली नाही याचे कारण उघड होते. भूल नव्हती आणि जखम चिघळू नये याचा उपायही नव्हता. १८११ साली पॅरिसमध्ये फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेचा स्तन नेपोलियनचे शल्यविशारद लारे यांनी काढला. ती पूर्ण शुद्धीवर होती. आपल्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात तिने त्या यातनांचे जे वर्णन केले, ते वैद्यकाच्या इतिहासातला एक दस्तऐवज मानला जातो. ती पुढे १८४० पर्यंत जगली. तिच्या शस्त्रक्रियेच्या सात वर्षे आधी, १८०४ मध्ये, जपानमध्ये हानाओका सेइशू यांनी वनस्पतींच्या काढ्याने एका वृद्धेला बेशुद्ध करून तिच्या स्तनातली गाठ काढली होती. परंतु जपानची दारे तेव्हा बाहेरच्या जगाला बंद होती. पाश्चात्त्य जगात ईथरची भूल १८४६ मध्ये आली आणि लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत १८६७ मध्ये. आता डॉक्टरांना घाई करण्याचे कारण उरले नाही. मग प्रश्न उलटा झाला : आता हवे तितके कापता येते, तर थांबायचे कुठे?

अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले विल्यम हॉल्स्टेड यांनी या प्रश्नाला एक ठाम उत्तर दिले. कर्करोग एका जागी सुरू होतो आणि पाण्यावरच्या तरंगासारखा आजूबाजूला पसरतो, आधी काखेतल्या गाठींत आणि मग पुढे, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी स्तन, त्याखालचा छातीचा मोठा स्नायू आणि काखेतल्या गाठी हे सगळे एकत्र काढायला सुरुवात केली. १८९४ मध्ये त्यांनी पन्नास रुग्णांचा अहवाल छापला. युरोपातल्या दवाखान्यांत निम्म्याहून अधिक स्त्रियांना त्याच जागी पुन्हा गाठ येत असे. हॉल्स्टेड यांच्या पन्नासांत फक्त तिघींना आली. हा आकडा एवढा मोठा होता की पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षे हीच शस्त्रक्रिया जगभर प्रमाण मानली गेली.

पण त्याच जागी गाठ न येणे आणि रुग्ण जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फार उशिरा ध्यानात आले. जखम स्वच्छ राहायची, तरीही अनेक स्त्रिया काही वर्षांनी हाडांतल्या, यकृतातल्या किंवा फुफ्फुसातल्या कर्करोगाने दगावत. ज्या जगल्या त्यांची छाती बरगड्यांपर्यंत खोल गेलेली असे. हात सुजून जड होई आणि खांद्याच्या वर उचलता येत नसे. शिवाय एक वाईट रिवाज पडला होता. तपासणीसाठी गाठ काढायची आणि ती कर्करोगाची निघाली तर त्याच भुलीत स्तनही काढायचा. शुद्धीवर आल्यावर छातीला हात लावूनच बाईला आपले काय झाले ते कळे. रोझ कुश्नर या अमेरिकन पत्रकार महिलेने स्वतःच्या आजारात या रिवाजाला नकार दिला आणि त्याविरुद्ध लेखणी चालवली. १९७९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळी करावी, असे मत दिले.

शास्त्राच्या अंगाने हॉल्स्टेड यांना उत्तर दिले ते पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी. कर्करोगाच्या पेशी रक्तात लवकरच उतरतात, त्या काखेत रांग लावून थांबत नाहीत, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसत होते. मग अधिक कापून काय साधणार? वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनी तो तपासायचे ठरवले. १९७१ पासून १,६६५ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने गटांत वाटले गेले. कोणाला हॉल्स्टेडची मोठी शस्त्रक्रिया, कोणाला फक्त स्तन काढणे, कोणाला त्याबरोबर किरणोपचार. १९७६ मध्ये त्यांनी दुसरी चाचणी सुरू केली. तीत काहींचा स्तन काढला, तर काहींची फक्त गाठ. इटलीत मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ स्त्रियांवर अशीच चाचणी चालवली होती.

२००२ साली या तिन्ही चाचण्यांचे वीस-पंचवीस वर्षांचे निकाल प्रसिद्ध झाले. मोठी शस्त्रक्रिया झालेल्या आणि लहान शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांच्या आयुष्यमानात फरक नव्हता. मात्र फिशर यांच्या दुसऱ्या चाचणीत एक गोष्ट स्पष्ट दिसली. फक्त गाठ काढून किरण दिले नाहीत, तर वीस वर्षांत ३९ टक्के स्त्रियांना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली. किरण दिले तेव्हा हे प्रमाण १४ टक्के राहिले. म्हणजे स्तन वाचवायचा असेल, तर किरणोपचार टाळून चालत नाही. मध्यंतरी मॉन्ट्रियलच्या एका डॉक्टरने काही नोंदी खोट्या केल्याचे १९९४ मध्ये जाहीर झाले आणि मोठी खळबळ उडाली. त्याचे सगळे रुग्ण वगळून हिशेब पुन्हा केला गेला. निष्कर्ष तोच निघाला.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग कमी कापणे हेच शहाणपण. स्वादुपिंडाचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. स्वादुपिंड पोटात खोल, जठराच्या मागे दडलेले असते. रोग पुष्कळदा कावीळ होऊन उघडकीला येतो, तोवर उशीर झालेला असतो. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी या भागातील कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा अहवाल दिला. पुढे सुधारत गेलेल्या या शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडा काढून उरलेले सगळे पुन्हा जोडावे लागते. त्यांच्या आधीही युरोपात असे प्रयत्न झाले होते, पण नाव व्हिपल यांचे पडले. कावीळ झालेल्या माणसाचे रक्त गोठत नसे, म्हणून सुरुवातीला ही शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करावी लागे. ‘के’ जीवनसत्त्व हाती आल्यावर ती अडचण दूर झाली आणि १९४० मध्ये व्हिपल यांनी ती एकाच वेळी केली.

हे व्हिपल जन्मले इराणमधील उर्मिया येथे, १८८१ साली, मिशनरी आईबापांच्या पोटी. पूर्वेशी असलेले हे नाते ते विसरले नाहीत. वैद्यकाच्या इतिहासात नेस्टोरियन ख्रिस्ती आणि मुसलमान यांनी केलेल्या कामावर त्यांनी एक पुस्तक लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये प्रकाशित झाले.

व्हिपल शस्त्रक्रियेने सुरुवातीला फार बळी घेतले. १९६० च्या दशकात अनेक ठिकाणी चारांतला एक रुग्ण रुग्णालयातच दगावत असे. क्लीव्हलँडचे जॉर्ज क्राइल (धाकटे) हे स्तनाच्या मोठ्या शस्त्रक्रियेविरुद्ध १९५० च्या दशकापासून बोलणारे डॉक्टर. त्यांनी १९७० मध्ये लिहिले की स्वादुपिंडाच्या कर्करोगातही ही मोठी शस्त्रक्रिया सोडून पित्ताला फक्त दुसरी वाट करून द्यावी. स्तनाबाबत ते बरोबर ठरले. इथे मात्र काळाने वेगळे दाखवले. जॉन्स हॉपकिन्सच्या जॉन कॅमेरॉन यांनी १९९३ मध्ये ओळीने १४५ शस्त्रक्रिया एकही मृत्यू न होता केल्याचे जाहीर केले. २००२ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले की ही शस्त्रक्रिया क्वचितच होणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १६ टक्के होते, तर जिथे ती नेहमी होते तिथे चार टक्क्यांहून कमी. चाकू तोच, फरक सवयीच्या हातांचा, भूलतज्ज्ञांचा आणि नंतरच्या शुश्रूषेचा. पुढे औषधांची साथही मिळाली. २०१८ च्या एका चाचणीत शस्त्रक्रियेनंतर चार औषधांची केमोथेरपी सोसू शकणारे निम्मे रुग्ण साडेचार वर्षांहून अधिक जगले. जुन्या औषधावर हा काळ तीन वर्षांच्या आसपास होता. तरीही निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया शक्य असलेले रुग्ण आजही थोडेच असतात.

या रोगाचे नाव आपल्या घराघरांत पोचले ते नर्गिसमुळे. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर तिने न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग रुग्णालयात उपचार घेतले. ३ मे १९८१ रोजी मुंबईत तिचा इंतकाल झाला आणि मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात तिला दफन केले गेले. तिच्या नावाचे कर्करोग रुग्णालय सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे आहे. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील खेड्यांत कर्करोगाची नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली. ती देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. नोंद करणारे लोक गावोगाव जाऊन बायांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत. त्या बोलण्याचा परिणाम असा झाला की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या.

मुंबईतही टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये एक मोठे काम हाती घेतले. झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. मॅमोग्राफीची महागडी यंत्रे नव्हती. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत. २०२१ मध्ये निकाल आले. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले.

याच रुग्णालयातील राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ‘कापायचे किती’ हा जुना प्रश्न नव्याने विचारला. निदानाच्या वेळीच रोग अंगभर पसरलेला असेल, तर स्तन काढून आयुष्य वाढते का? ३५० स्त्रियांच्या चाचणीचा २०१५ मधला निष्कर्ष होता : नाही. २०२३ मध्ये दुसरी चाचणी छापून आली. शस्त्रक्रियेच्या थोडे आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे साधे, स्वस्त भुलीचे औषध टोचले, तर पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. १,५८३ स्त्रियांवरचा हा निकाल इतर देशांतही पडताळला जावा लागेल. पण काही रुपयांच्या औषधाची अशी कसून चाचणी आपल्या देशात होऊ शकते, ही लहान गोष्ट नव्हे.

या सगळ्या आकड्यांमागे स्त्रिया आहेत. आपल्यावर कोणता उपचार होणार हे चिठ्ठीवर सोडायला त्यांनी होकार दिला, म्हणून आज दुसऱ्या एखादीचा स्तन वाचतो. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. आपल्या घरांत मात्र अजूनही गाठ महिनोन्महिने पदराआड राहते. शरमेपोटी ती आईला सांगितली जात नाही, नवऱ्याला सांगितली जात नाही, परक्या पुरुष डॉक्टरला दाखवणे तर दूरच. गाठ दुखत नाही म्हणून तिची कोणी दखल घेत नाही. सुरुवातीला ती बहुधा दुखत नाही, हाच तर तिचा धोका. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, बहुतेक नसतातच. पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. लहान गाठ लवकर काढावी, हे अल-जहरावींनी हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले. तेव्हा भूल नव्हती, किरण नव्हते, औषधे नव्हती. आज ती सगळी आहेत. आपल्या अम्मीला, बहिणीला, खालाजानला ‘चल, दाखवून येऊ’ एवढे म्हणण्याचे काम मात्र कोणतेही रुग्णालय आपल्यासाठी करू शकणार नाही.