महाधमनीच्या शस्त्रक्रियेनंतर कुल्ल्यात गोळे येणे व इतर त्रास

पोटातील महाधमनीला आलेला फुगा (अ‍ॅन्युरिझम) आता अनेकदा पोट न उघडता, जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट घालून बंद केला जातो. महाधमनी साधारण बेंबीच्या पातळीवर दुभंगते. तिच्या प्रत्येक फाट्याला पुढे दोन शाखा फुटतात. बाहेरची पायाकडे जाते, आतली कुल्ले, मूत्राशय, गुदाशय व जननेंद्रियांना रक्त पुरवते. फुगा या फाट्यापर्यंत पसरलेला असेल, तर मागून रक्त शिरू नये म्हणून आतली शाखा कधीकधी मुद्दाम बंद करावी लागते. ही चूक नव्हे. फुगा फुटण्यापेक्षा हा धोका परवडतो.

सर्वांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे चालताना कुल्ल्यात येणारे गोळे. साधारणपणे चारांतल्या एका रुग्णाला तो होतो. पायाच्या नाड्या नीट लागत असल्याने ही सायटिका समजली जाते आणि कमरेचा पट्टा सुरू होतो. फरक सोपा आहे: मणक्यातील नस दबली असेल तर बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरे वाटते, रक्त कमी पडत असेल तर नुसते उभे राहिले तरी काही मिनिटांत दुखणे थांबते. आजूबाजूच्या लहान रक्तवाहिन्या रुंदावतात, तसा बहुतेकांचा त्रास काही महिन्यांत कमी होतो. रोज दुखेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. विडी-सिगारेट मात्र पूर्ण बंद हवी.

काही पुरुषांना लिंगाची ताठरता कमी झाल्याचे जाणवते. रुग्ण संकोचतात, आणि आम्हा डॉक्टरांचेही विचारायचे राहून जाते. यावर औषधे आहेत. पण छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल घेऊ नये, रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरतो. दुकानातून परस्पर आणू नका.

दुर्मीळ पण गंभीर त्रास बहुधा पहिल्या काही दिवसांतच दिसतात. रक्त पडणारे जुलाब, पोट फुगणे व दुखणे हे मोठ्या आतड्याला रक्त कमी पडल्याचे लक्षण असू शकते. पायांतली शक्ती जाणे, लघवी अडणे किंवा कुल्ल्याची त्वचा काळी पडणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच वेळी रुग्णालयात या.

शस्त्रक्रियेआधी विचारा: एका बाजूची शाखा बंद होणार की दोन्ही? दोन्ही असतील तर धोका वाढतो. आतली शाखा चालू ठेवणारे फाटा असलेले ग्राफ्ट मिळते. ते महाग असते आणि प्रत्येकाच्या रक्तवाहिनीत बसत नाही.