इथे कुणी बसलंय का?

मुलांकडे अमेरिकेत सहा महिने राहून परतलेल्या आईवडिलांना आपल्याकडे पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न हमखास विचारला जायचा : "विमान रिकामं होतं का?" असलं, तर उत्तर जरा अभिमानानं यायचं. मधल्या रांगेतल्या चार सीटा मिळाल्या, हात वर केले, आडवी झाले, थेट लंडन आल्यावर उठले. माझ्या मावशीनं हे इतक्यांदा सांगितलंय, की तिच्या अमेरिकेपेक्षा मला त्या चार सीटा जास्त आठवतात. आपण कुणाचं काही घेतलं, असा भाव त्यात औषधालाही नसायचा. नशीब उघडलं, एवढंच.

आता हे वाक्य फारसं कानावर येत नाही. एक कारण उघड आहे : विमानं भरलेली असतात. २०२४ साली जगभरच्या विमानांतल्या सरासरी ८३.५ टक्के सीटा भरलेल्या होत्या. पण दुसरंही कारण आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रिकामी सीट कुणाची, ह्याबद्दलची आपली समजूतच गेल्या पन्नास वर्षांत बदलली.

आपल्या घडणीतली समजूत एसटीची आणि लोकलची. एसटी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल आत टाकायचा, की ती जागा आपली. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्यानं टेकायचं आणि आधीच्या तिघांनी कुरकुरत का होईना, सरकायचं. "इथे कुणी बसलंय का?" हा प्रश्न शेजाऱ्याला विचारायचा असतो, रेल्वेला नाही. रिकाम्या जागेचा निवाडा प्रवासी आपसात करतात. रिझर्वेशनच्या डब्यातसुद्धा टीसी येईपर्यंत हाच कायदा चालतो.

विमानात सुरुवातीला हा प्रश्न नव्हताच. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' ३५ प्रवाशांना घेऊन मुंबईहून कैरो, जीनिव्हामार्गे लंडनला निघालं, तेव्हा उठून जाऊन बसावं अशी 'वरची' जागा त्यात असण्याचं कारण नव्हतं. चांगली सीट असण्यासाठी आधी वाईट सीट असावी लागते. ती १ मे १९५२ रोजी आली. त्या दिवशी अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत स्वस्त 'टूरिस्ट' वर्ग सुरू झाला. पुढे १९५५ साली टीडब्ल्यूए ह्या अमेरिकी कंपनीनं दोन वर्ग एकाच विमानात घातले. एकाच छताखाली दोन भाडी आली, की मध्ये काहीतरी आडोसा आलाच.

आडोसा आला की पलीकडे काय चाललंय ह्यावर पहाराही येतो. १९५८ साली त्याच अटलांटिक मार्गावर 'इकॉनॉमी' वर्ग आला आणि विमान कंपन्यांच्या संघटनेनं, म्हणजे आयाटानं, तिथल्या प्रवाशांना फक्त सँडविच द्यायचं, तेही साधं, थंड आणि स्वस्त, असा नियम केला. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीनं सँडविचच्या नावाखाली पावावर मांसमच्छीचे थर रचून अख्खं जेवण वाढलं. पॅन अ‍ॅमनं तक्रार केली, आणि एसएएसला वीस हजार डॉलर दंड झाला. स्वस्त तिकिटाच्या माणसाला बरं वाटू नये ह्यासाठी दंड! इतिहासातल्या पुष्कळ गोष्टी हसण्यावारी नेता येतात. ही मला नेता येत नाही.

तरीही रिकाम्या सीटचा सुवर्णकाळ त्यानंतरचाच. अमेरिकेत तेव्हा विमानाचं भाडं सरकारी मंडळ ठरवायचं. कंपन्यांना दर कमी करून गिऱ्हाईक ओढता येत नव्हतं, म्हणून त्या फेऱ्या वाढवत, जेवण वाढवत. त्यात १९७० च्या जानेवारीत बोइंगचं अवाढव्य ७४७ आलं, आणि नेमकी तेव्हाच मंदी. सत्तरीच्या सुरुवातीला अमेरिकी विमानांतल्या निम्म्याच्या आसपास सीटा रिकाम्या उडत होत्या. कंपन्यांनी त्या उपटून तिथे बैठका मांडल्या. अमेरिकन एअरलाइन्सनं तर मागच्या, साध्या वर्गात, पियानो ठेवला. भाडं ठरवणाऱ्या मंडळानं अखेर हिशेबासाठी विमान ५५ टक्के भरेल असं धरलं. म्हणजे काय, तर शंभरातल्या पंचेचाळीस रिकाम्या सीटांचे पैसे बाकीच्या पंचावन्नांच्या तिकिटात आधीच घेतलेले. त्या काळी कुणी उठून शेजारच्या तीन सीटांवर आडवा झाला, तर तो फुकट झोपत नव्हता. त्या सीटांची वर्गणी त्यानंही भरलेली होती.

जागा बदलण्याचा जो अलिखित शिष्टाचार आपण आजही पाळतो, तो अशा रिकाम्या विमानांत शोभणारा आहे. दार बंद होईपर्यंत उठायचं नाही, कारण शेवटचा प्रवासी धापा टाकत येऊ शकतो. पडदा ओलांडायचा नाही. कडेच्या सीटवर कुणी असेल तर आधी विचारायचं. मधली सीट रिकामी राहिली तर ती दोघांची : एकाची पर्स, दुसऱ्याचं पुस्तक. आणि पूर्ण रांग रिकामी असेल तर ती लहान मूल असलेल्या बाईला किंवा म्हाताऱ्या माणसाला आधी. ह्यात केबिन क्रूला विचारण्याचं कलम होतं ते मालकीसाठी नव्हे, वजनासाठी. छोट्या विमानात आठदहा माणसं पुढून मागे गेली तर तोल बदलतो, म्हणून उड्डाण होईपर्यंत बसा म्हणतात. हे खरं कारण आहे, बहाणा नव्हे. निदान पूर्वी तरी बहाणा नव्हता.

मग १९७६ ते १९७८ ही तीन वर्षं आली. १९७७ साली फ्रेडी लेकरनं लंडन ते न्यूयॉर्क ५९ पौंडांत, आगाऊ आरक्षणाशिवाय, 'स्कायट्रेन' सुरू केली. त्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सनं उरणाऱ्या सीटा आधीपासून स्वस्तात विकायला काढल्या. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेत भाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला. विमानं भरू लागली. साध्या माणसाला उडता येऊ लागलं, हे मोठंच काम झालं आणि मी त्याबद्दल नाक मुरडणार नाही.

पण ह्या सगळ्यात मला कळीची वाटते ती त्याआधीची एक बारीक घटना. इकॉनॉमीचं पूर्ण भाडं भरणाऱ्या व्यावसायिक प्रवाशांच्या लक्षात आलं होतं, की शेजारी बसलेला सहलीचा माणूस त्यांच्यापेक्षा फार कमी पैशांत आलाय. सीट तीच, जेवण तेच. त्यांना स्वतःला जास्त काही हवं होतं असं म्हणण्यापेक्षा, शेजाऱ्याला तेवढंच मिळू नये असं वाटत होतं. १९७६ साली केएलएमनं पूर्ण भाडेकरूंना इकॉनॉमीच्या पुढच्या भागात, फर्स्ट क्लासच्या लगेच मागे बसवायला सुरुवात केली. खुर्ची बदलली नव्हती, फक्त शेजार बदलला. दोन वर्षांत ब्रिटिश एअरवेजचा 'क्लब' आला, १९७९ मध्ये क्वांटासचा बिझनेस क्लास. जगातला बिझनेस क्लास ह्या रुसव्यातून जन्मला.

आज हाच युक्तिवाद विमानाच्या प्रत्येक रांगेत ऐकू येतो. मागे मुंबईहून दिल्लीला जाताना पुढच्या, पाय पसरायला जास्त जागा असलेल्या दोन रांगा रिकाम्या होत्या. माझ्या शेजारचे आजोबा सहा फुटांच्या वर, गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्यांनी विचारलं. हवाई सुंदरीनं अदबीनं सांगितलं, की काका, कार्डानं पैसे भरावे लागतील. का, तर ज्यांनी पैसे भरून अशी सीट घेतली त्यांच्यावर अन्याय होईल. पण तिथे पैसे भरलेला एकही प्रवासी नव्हता! अन्याय ज्याच्यावर होणार, तो माणूसच विमानात नव्हता. आजोबा सबंध दोन तास पाय तिरपा करून बसले, आणि त्या दोन रांगा दिल्लीपर्यंत रिकाम्या आल्या. नियमाच्या बाजूनं बोलता येईल : आज फुकट दिली तर उद्या विकत कोण घेईल? दुकानदाराचं हे बोलणं मला समजतं. त्याला न्याय म्हणू नये, इतकंच.

२००३ साली एअर डेक्कन सुरू झाली तेव्हा सीट ठरलेली नसे. आधी येईल तो बसेल. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या कित्येकांना ही रीत समजावून सांगावी लागली नसणार, एसटीनं ती आधीच शिकवली होती.

रिकाम्या सीटचा खटला एकदा खरोखर मुंबई उच्च न्यायालयात चालला, तो २०२० च्या साथीत. परदेशी अडकलेल्यांना आणणाऱ्या विमानांत मधली सीट रिकामी ठेवावी, म्हणून एअर इंडियाच्याच एका वैमानिकानं दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आलं. दरम्यान हवाई वाहतूक महासंचालनालयानं शक्य तितकी मधली सीट मोकळी ठेवा, नाहीतर त्या प्रवाशाला अंगभर झगा द्या, असं सांगितलं. १५ जूनला उच्च न्यायालयानं, तज्ज्ञांच्या मताचा आधार घेत, मधली सीट भरायला परवानगी दिली. पुढच्याच महिन्यात इंडिगोनं एका माणसाला दोन सीटा विकायला काढल्या. शेजारी कुणी नसणं, जे मावशीला नशिबानं मिळायचं, त्याला आता दर होता. एअर न्यूझीलंड तर २०११ पासूनच तीन सीटांचं कोच करून विकत होती.

जुन्या रीतीचा शेवटचा मोठा गड अमेरिकेत होता. साउथवेस्टनं १९७१ साली पहिलं उड्डाण केल्यापासून ठरावीक सीट दिली नव्हती. आत शिरायचं आणि बसायचं. लोक शेजारच्या सीटवर जाकीट टाकून मागून येणाऱ्या बायकोसाठी जागा धरत, त्यावरून भांडणं होत, आणि कंपनीनं जागा धरण्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध कधी नियम केला नाही. तुमचं तुम्ही बघा. २७ जानेवारी २०२६ पासून तिथेही सीट नंबर आले, आणि पाय पसरायच्या जागेचे वेगळे पैसे.