सैनिकाची राख कोणाच्या जबाबदारीची?



दरवर्षी १ जानेवारीला अमरावती-अकोल्याहून गाड्या भरून आपण भीमा कोरेगावला जातो. १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्या स्तंभावर आहेत. त्यातली २२ नावे ‘नाक’ या शेवटामुळे महार सैनिकांची म्हणून ओळखली जातात. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले आणि त्या नावांना आपल्या चळवळीत जागा मिळाली. आपण मानवंदना देतो, फोटो काढतो, परत येतो. पण आपल्याच गावातला, वीस वर्षे नोकरी करून आलेला रिटायर फौजी वारला, तर त्याला कुठे जाळायचे, त्याची राख कुठे ठेवायची आणि त्याचे नाव कुठे लिहायचे, हा प्रश्न आपण विचारत नाही. तो भावकीवर सोडून देतो.

काही कार्यकर्ते म्हणतील, आम्ही बौद्ध. अस्थिविसर्जन आमचे नाही, मग राखेचे एवढे काय? हे म्हणणे अर्धेच खरे आहे. कर्मकांड आपण सोडले, आदर सोडलेला नाही. कुशिनारा येथे तथागतांच्या अस्थींवरून राजे-गणराज्ये भांडायला उठली, तेव्हा द्रोणाने आठ समान वाटे केले आणि त्यांवर स्तूप उभे राहिले. दादरची चैत्यभूमी आणि नागपूरची दीक्षाभूमी इथेही बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. म्हणजे अस्थी हा आपल्याकडे आठवणीचा, हक्काचा आणि समान वाटणीचा विषय आहे.

आता सैनिकांचा इतिहास पाहू. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन झाले. राख समुद्रात सोडली गेली. १९२१ मध्ये तिथे छत्री उभारली. पण त्या ५३ जणांची नावे दगडावर यायला २०१० साल उजाडले. राख वाहून गेली की माणूस कागदावरूनही वाहून जातो, तो असा.

त्याच काळात आपल्या लोकांचे काय चालले होते? १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी लावून धरली. युद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. १९१७ मध्येच ब्रिटिशांनी युद्धातील मृतांच्या कबरी आणि स्मारकांसाठी आयोग नेमला. सर्व मृतांना सारखी वागणूक, हे त्याचे तत्त्व. प्रत्यक्षात बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे आली, साध्या भारतीय शिपायांचे पलटणीखाली आकडे आले. २०२१ मध्ये या आयोगाच्याच अहवालाने कबूल केले की किमान १,१६,००० मृतांची नावानिशी नोंदच झाली नाही किंवा स्मारकच झाले नाही. त्यांत मुख्यतः पूर्व आफ्रिकन आणि इजिप्शियन होते.

परदेशात आता याला कायद्याने उत्तर दिले जाते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्याकडे माजी सैनिकाची बेवारस राख पडून असेल, तर ती सैनिक संघटनेच्या हाती देऊन सन्मानाने दफन करता येते. इंग्लंडमध्ये कोणी न नेलेल्या राखेची विल्हेवाट लावण्याआधी दहनासाठी अर्ज करणाऱ्याला १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. आपल्या खेड्यात असा व्यावसायिक नसतो. तिथे शेजारी बांबू आणतात, भावकी राख सावडते. मग जबाबदार कोण? उत्तर राज्यघटनेत आहे. दफन आणि दहनभूमी हा राज्याचा विषय आहे, आणि बाराव्या अनुसूचीत तो नगरपालिकांच्या कामांत आहे. गावात स्मशानाची व्यवस्था हे ग्रामपंचायतीचे काम. जमीन महसूल संहितेच्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी मोकळी सरकारी जमीन स्मशानासाठी राखून ठेवू शकतात.

कायदा इथेच थांबत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणाने स्मशान वापरू न देणे हा गुन्हा आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने स्मशानभूमीचा समान वापर अडवणे कलम ३ मध्ये स्पष्ट गुन्हा ठरला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ नुसार भावना दुखवण्याच्या हेतूने स्मशानात किंवा मृतांचे अवशेष ठेवण्याच्या जागेत घुसखोरी करणे हाही गुन्हा. परमानंद कटारा प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अनुच्छेद २१ ची प्रतिष्ठा मृत देहालाही आहे.

एक खबरदारी मात्र घ्या. तिरंगा अंत्ययात्रेत वापरण्याचे नियम आहेत. तो शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामातच पार्थिवावर घालतात आणि चितेत जाळत नाहीत. भावनेच्या भरात नियम मोडला तर विरोधकाच्या हाती कोलीत मिळते.

समजा दर्यापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात पावसाळ्यात एक माजी सैनिक वारला. काळ्या मातीत गुडघाभर चिखल, स्मशानाचा रस्ता नाही, आणि दुसऱ्या वाटेने जाऊ द्यायला शेतमालक तयार नाही. त्या दिवशी आपण कोरेगावचा स्तंभ दाखवून काय करणार? तयारी आधीच हवी. आजच चार गोष्टी करा. तलाठ्याकडून स्मशानाच्या जमिनीचा सातबारा काढा. रस्ता आणि शेड यांचा ठराव ग्रामसभेत लेखी घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गावातल्या माजी सैनिकांची नोंद तपासा. आणि बुद्धविहारात एक वही ठेवा: सैनिकाचे नाव, पलटण, मृत्यूची तारीख, दहनाची जागा.

आपल्या पूर्वजांची नावे इंग्रजांनी दगडावर कोरली म्हणून आपल्याला सापडली. आपल्या बापाचे, काकाचे नाव तरी आपणच लिहिले पाहिजे. स्तंभासमोर दिलेली सलामी गावच्या स्मशानापर्यंत पोचली, तरच ती पुरी.

जय भीम, नमो बुद्धाय.